टक्स

ब्लाऊजच्या पुढच्या भागावर, छातीच्या टोकाकडे रोख धरून येणाऱ्या ज्या निमुळत्या दुमडी असतात ना, त्यांना इंग्रजीत डार्ट म्हणतात. आपल्याकडे त्यांचं नाव 'टक्स'. शब्द इंग्रजीच, पण इंग्रजीत टक म्हणजे वेगळी भानगड आहे (सजावटीसाठी घातलेल्या समांतर चुण्या). ते काही का असेना, आपल्या शिंप्याला डार्ट म्हटलं तर तो चेहऱ्याकडे बघत बसेल आणि 'फोर टक्स की कटोरी?' असं त्याने विचारलं तर आपल्याला बरोब्बर कळतं. तेव्हा टक्सच.

ज्यांनी आयुष्यात सुई हातात धरली नाही त्यांच्यासाठी सोपं उदाहरण म्हणजे द्रोण. पान सपाट असतं. त्याची कड एका जागी दुमडून काडीने टोचली की ते पान खोलगट होतं आणि त्यात आमटी राहते. टक म्हणजे ही टोचलेली दुमड. सपाट कापडातून एक पाचर 'नाहीशी' करायची आणि कापडाला फुगवटा द्यायचा. मोदकाची पारी वळताना आपण कडेचा जास्तीचा घेर कळ्या पाडून गोळा करतो, तोही याच घराण्यातला प्रकार. फक्त तिथे सगळं बोटांच्या अंदाजावर चालतं आणि इथे फूटपट्टीवर.

आता हे पुराण मी जेद्दाहून का लावते आहे, ते सांगते.

या गावात कपड्यांचे जितके प्रकार एका नजरेत दिसतात तितके मी कुठे पाहिले नाहीत. विमानतळावर हजला आणि उमऱ्याला आलेले पुरुष एहरामात असतात. दोन पांढऱ्या चादरी, एकही शिवण नाही. (मुंबईहून इथे हजची जहाजं यायची, ती १९९५ पर्यंत. आमच्या कोकणातल्या कितीतरी घरांत त्या बोटींच्या आठवणी आहेत.) रस्त्यावरचे सौदी पुरुष पांढऱ्याशुभ्र थोबात. त्याचं चांगल्यातलं कापड येतं जपानहून, यावर माझा सुरुवातीला विश्वासच बसला नव्हता. बायका अबायात. अबाया शिवायला तसा सगळ्यात सोपा, खांद्यापासून सरळ खाली उतरतो. शरीराचा आकार दिसू नये हाच ज्या कपड्याचा उद्देश, त्याला टक्स कशाला लागतील? एहराम, साडी, थोब, अबाया... सगळ्यांत कापड आपल्या मर्जीने पडतं. अंगाला बिलगायचा हट्ट धरतो तो एकटा आपला ब्लाऊज. आणि इथेच पंचाईत होते.

इथले शिंपी बहुतेक पुरुष. पाकिस्तानी, बांगलादेशी, आपल्याकडचे. पुरुष शिंप्याने बाईचं माप घ्यायचं नाही ही इथली जुनी रीत. कपड्यांच्या दुकानांत बायकांसाठी ट्रायल रूमसुद्धा वर्षानुवर्षं नसायच्या. गेल्या काही वर्षांत बरंच बदललं आहे. २०१८ च्या जूनपासून बायका गाडी चालवतात, मीही चालवते. पण ब्लाऊजच्या बाबतीत जुनीच पद्धत टिकून आहे: काउंटरवर नमुन्याचा ब्लाऊज ठेवायचा आणि 'असाच शिवा' म्हणायचं. बायकांसाठी बायकांनीच चालवलेली शिवणघरं असतात, त्यांना 'मशगल' म्हणतात. तिथे फिलिपिनो बायका उत्तम गाऊन शिवतात, पण साडीचा ब्लाऊज त्यांच्या सरावाचा नाही. आणि नमुन्याच्या पद्धतीतली गोम अशी की नमुना अंगाला बसणारा हवा. बाळंतपणानंतर माझा एकही जुना ब्लाऊज मला बसत नव्हता. नमुनाच नाही तर 'असाच' म्हणजे कसा?

तेव्हा मला कोणीतरी खालांचं घर दाखवलं.

खाला मूळच्या श्रीवर्धनकडच्या. जेद्दात कोकणी मुसलमानांची वस्ती चांगली आहे. रत्नागिरी-रायगडमधले लोक दोन-दोन पिढ्या इथे नोकरीला आहेत. तिसाव्या मिनिटाला आपल्याला त्यांच्या घरी नारळाच्या रसातलं काहीतरी खायला मिळतं आणि आपण परदेशात आहोत हे विसरायला होतं. खालांचे यजमान एका गोदामात हिशेब बघायचे आणि खाला अजीजिया भागातल्या दोन खोल्यांच्या घरात शिवण करायच्या. दुकान नाही, पाटी नाही. एक काळं हातमशीन, तेही गावाहून आणलेलं. मोटर का लावत नाही विचारलं तर म्हणाल्या, "इकडची लाईट निराळी गो." खरंच आहे. इथल्या जुन्या इमारतींत १२७ व्होल्ट असायचे, आपल्याकडची मोटर त्यावर म्हातारीसारखी चालते. हाताने चाक फिरवायला कुठल्याच देशाचा व्होल्टेज लागत नाही!

मी ब्लाऊज शिवून घ्यायला गेले होते. खालांनी माप घेतलं, वहीत लिहिलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तू इंजिनिअर ना? मग शीक की. माझे डोळे आता दोन वर्षांचे पाहुणे."

अशी दर शुक्रवारी शिकवणी सुरू झाली.

पहिला धडा टक्सचा नव्हताच. पहिला धडा 'माया'. शिवणीच्या पलीकडे जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आपल्या भाषेत माया म्हणतात. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण तो इतका नेमका आहे हे कैची हातात घेतल्यावरच लक्षात आलं. माया आत असते, बाहेरून दिसत नाही. पुढे बाई जाड झाली तर उसवून त्यातून सोडता येते. खाला बाजूच्या शिवणीत दीड इंच माया ठेवायच्या. "बाईच्या अंगाचा भरवसा नाय. आज आहे तसं उद्या नसतं." इथल्या तयार कपड्यांत माया जेमतेम एक सेंटिमीटर असते. कारखान्याला कापड वाचवायचं असतं आणि बाई बदलली तर तिने नवीन विकत घ्यावं हेच त्यांना हवं असतं.

दुसरा धडा उभा धागा आणि आडवा धागा. तिसरा उरेब, म्हणजे तिरकं कापड, जे ओढलं की लांबतं. आणि मग चौथ्या शुक्रवारी टक्स.

फोर टक्स ब्लाऊजमध्ये पुढच्या प्रत्येक भागाला चार टक्स असतात. एक खालून कमरेकडून वर जाणारा, एक हूकपट्टीकडून, एक मुंढ्यातून आणि एक काखेखालच्या बाजूच्या शिवणीतून. चौघांचा रोख एकाच बिंदूकडे, पण पोचायचं कोणीच नाही. बिंदूच्या अर्धा-पाऊण इंच अलीकडे थांबायचं. पोचले तर तिथे टोक निघतं आणि ते फार वाईट दिसतं. शिवायला सुरुवात रुंद बाजूने करायची आणि निमुळत्या टोकाकडे जायचं. शेवटचे तीन-चार टाके दुमडीच्या अगदी कडेने, जवळजवळ समांतर. टोकाशी उलटी टीप मारायची नाही, कारण तिथे दोऱ्याची गाठोडी होते. दोरा लांब सोडून हाताने गाठ मारायची. इस्त्री सपाट टेबलावर करायची नाही, आत गुंडाळलेला टॉवेल ठेवून गोलाव्यावर करायची. सपाटावर दाबलात तर इतक्या मेहनतीने आणलेला फुगवटा पुन्हा चपटा. खालांनी मला एका जुन्या उशीच्या अभ्र्यावर चाळीस टक्स घालायला लावले. अभ्रा शेवटी फणसासारखा दिसायला लागला.

इथे माझ्या पोटापाण्याच्या धंद्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण गंमत तिथेच आहे. माझी डॉक्टरेट जर्मनीतली, आणि विषय होता कार्बन फायबरचं विणलेलं कापड साच्यावर बसवणं. विमानाचा किंवा गाडीचा वळणदार भाग या कापडाचा करतात तेव्हा ते साच्यावर अंथरताना सुरकुत्या पडू नयेत असं बघावं लागतं. थोडक्यात, सरकारी खर्चाने चार वर्षं मी ब्लाऊजचाच अभ्यास करत होते, फक्त ब्लाऊज विमानाचा होता. सध्याही इथे संशोधनाचं काम त्याच जातीचं आहे. समुद्राच्या खाऱ्या पाण्याला लोखंडी पाईप टिकत नाही, काचतंतूंचे लागतात.

मूळ अडचण गाउस नावाच्या गणितज्ञाने १८२७ मध्ये सिद्ध करून ठेवली आहे. सपाट पृष्ठभाग न ताणता, न फाडता गोल पृष्ठभागावर बसत नाही. संत्र्याची साल टेबलावर सपाट पसरायला जा, ती फाटते. पृथ्वीचा नकाशा कागदावर काढताना ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं ते याचमुळे. कापड मात्र थोडं लबाड असतं. त्याचे धागे लांबत नसले तरी उभ्या-आडव्या धाग्यांमधला काटकोन तिरका होऊ शकतो. हे ओळखून चेबिशेव्ह या रशियन गणितज्ञाने २८ ऑगस्ट १८७८ रोजी पॅरिसमध्ये चक्क 'कपडे बेतण्याविषयी' व्याख्यान दिलं होतं. त्याने मांडलेल्या जाळीला आजही त्याचं नाव आहे आणि आमचे कॉम्प्युटर प्रोग्रॅम तिच्यावरच चालतात. पण काटकोन एका मर्यादेपर्यंतच कलतो. त्यापुढे धागे एकमेकांना भिडतात आणि सुरकुती पडते. मग साच्यावरचं कापडही आम्ही कापतो आणि पाचर काढतो. त्याला प्रयोगशाळेत म्हणतात डार्ट!

खालांना मी हे सगळं मराठीत समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अंगाला कोपरे नसतात, कापडाला असतात. एवढंच ना?"

एवढंच.

तरी एक गोष्ट गणिताने मला आधीच दिली होती. खालचा टक तळाशी दीड इंच रुंद आणि चार इंच उंच असेल तर त्याच्या टोकाचा कोन भरतो साधारण २१ अंश. तुम्ही कापडातून २१ अंश काढून घेतलेत, म्हणजे त्या बिंदूशी ३६० ऐवजी ३३९ अंशच उरले, आणि कापडाचा शंकू झाला. शेंगदाण्याची पुडी म्हणजे हेच, फक्त तिथे कोन खूप मोठा. फुगवटा किती हे ठरतं काढलेल्या कोनावर. तो कोन खांद्याकडून काढा, काखेकडून काढा की कमरेकडून, बिंदूवर त्याचा परिणाम तोच. म्हणून कागदाचा एक टक बंद करून दुसरीकडे उघडता येतो. प्रिन्सेस कट म्हणजे दोन टक्स एका लांब शिवणीत लपवलेले. चार टक्स घालायचं कारण इतकंच की सगळा कोन एकाच ठिकाणी काढला तर टोकदार शंकू होतो आणि चौघांत वाटला तर गोलाई येते. खालांकडे झारापकरांचं 'झारापकर सिस्टिम ऑफ कटिंग' हे जुनं, पानं सुटलेलं पुस्तक होतं. त्यात हे सगळं 'छाती भागिले चार' अशा भाषेत आहे. आजीच्या खणाच्या चोळीत ते नव्हतं. तिथे जोडतुकडे आणि चुण्या असत आणि शेवटचं मापाचं काम पुढची गाठ करायची. गाठ सैल बांधायची की घट्ट हे रोज सकाळी बाई स्वतः ठरवायची. टक्स आले तसं माप वहीत गेलं.

आता ज्या ब्लाऊजसाठी हा लेख लिहायला बसले त्याबद्दल.

आमच्या ओळखीत नागपूरकडच्या एक ताई आहेत. त्यांचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं होतं, उजवी बाजू पूर्ण काढलेली. मुलीचं लग्न ठरलं, पैठणी घेतली आणि ब्लाऊजचं कापड घेऊन त्या खालांकडे आल्या. पदर डाव्या खांद्यावर असतो, त्यामुळे डावी बाजू झाकते. उजवी उघडी राहते, हे तुमच्या लक्षात आलं असेल. खालांना यात नवीन काही नव्हतं. अशा दोघी-तिघींसाठी त्यांनी आधी शिवलं होतं. अस्तराला आतून खिसा, त्यात कापसाची गादी, वर दोन्ही बाजूंना सारखे टक्स. कोणाला कळत नाही.

ताई म्हणाल्या, "मला गादी नको, खाला."

खोलीत जरा वेळ कोणी काही बोललं नाही. खाला म्हणाल्या, "लग्नात माणसं बघतात गो." ताई म्हणाल्या, "बघू देत. दीड वर्ष मी ती गादी सांभाळते आहे. गरम होतं, सरकते, फोटो काढताना हात तिथेच जातो. मुलीच्या लग्नात मला हात मोकळे हवेत. जशी आहे तशी मापा आणि तसं शिवा."

खालांना ते पटलं नव्हतं. त्यांच्या पिढीला झाकणं म्हणजेच काळजी घेणं वाटतं आणि त्यात खोटं काही नाही. ती कापसाची गादी त्या रात्री जागून, पैसे न घेता शिवून देत असत. पण त्यांनी फीत उचलली आणि माझ्या हातात दिली. "तू घे. दोन्ही बाजू वेगळ्या."

काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. उजवीकडे नुसते टक्स घातले नाहीत तर भागत नाही. टक्स जे कापड खातात ते तिथे जास्तीचं होऊन लोंबतं. खांद्यापासून कमरेपर्यंत फुगवट्यावरून जाणारा रस्ता लांब असतो आणि सपाटीवरून जाणारा आखूड. म्हणजे उजवा पुढचा भाग लांबीला आणि रुंदीला, दोन्हीकडे कमी बेतायला हवा. नाहीतर गळा भरलेल्या बाजूकडे ओढला जातो आणि हूकपट्टी वाकडी होते. त्यात उजवा हात थोडा सुजलेला. अशा ऑपरेशननंतर पुष्कळ जणींना हे होतं. म्हणजे शरीर लहान पण मुंढा आणि बाही मोठी. शिवाय गळ्याच्या हाडाखाली थोडा खोलगट भाग. ताणलेलं कापड खळग्यात उतरत नाही, त्याच्यावरून पुलासारखं जातं. माझ्या साच्यांवरही ते जात नाही. तिथे अस्तरात फक्त पातळ फ्लॅनेलचे दोन थर द्यायचे ठरलं. ते खोटा आकार द्यायला नव्हे, कापडाला टेकायला जागा म्हणून. ताईंना विचारलं, त्या म्हणाल्या चालेल.

बाब शरीफच्या बाजारातून मी स्वस्त सुती कापड आणलं आणि आधी त्याचा कच्चा ब्लाऊज केला. कच्च्यावर खालांनी टाचण्या लावल्या. डावीकडे चार टक्स. उजवीकडे मुंढ्यात एक बारीक, जेमतेम पाच-सहा अंशांचा, बाकी सपाट. हूकपट्टीचा उभा धागा ओळंब्यासारखा सरळ आला तेव्हा खालांनी चष्मा काढून पुसला. मग पैठणीचं कापड कापलं. ते खालांनीच कापलं, मला हात लावू दिला नाही.

ताईंनी घालून आरशात पाहिलं. बराच वेळ बघत होत्या. उजवीकडचं कापड चापून, स्वच्छ बसलं होतं. मागे पुढे काही नाही, जे होतं ते दिसत होतं. त्यांनी दोन्ही हात वर केले, खाली केले. मग म्हणाल्या, "ओढत नाही कुठे." लग्नाचे फोटो आले त्यांत त्या हसताहेत आणि हात कोपरापर्यंत हळदीने माखलेले आहेत.

खालांचं इथलं बिऱ्हाड गेल्या वर्षी उठलं. सौदीत बाहेरच्या लोकांना कुटुंबातल्या प्रत्येक अवलंबून माणसामागे फी भरावी लागते. जुलै २०१७ मध्ये ती महिन्याला १०० रियालने सुरू झाली आणि दरवर्षी वाढत २०२० मध्ये ४०० झाली. म्हणजे एका माणसामागे वर्षाला ४८०० रियाल. त्या तीन वर्षांत आमच्या ओळखीतली कितीतरी बायका-मुलं गावी परतली, पुरुष खोल्यांमध्ये राहायला गेले. खालांनी शिवणाच्या पैशांतून स्वतःची फी भरली आणि टिकून राहिल्या. पण यजमानांची नोकरी संपली, तिच्याबरोबर इकामा संपला, आणि मग काही चालत नाही. मशीन त्यांनी बरोबर नेलं. मला दिली ती कागदांची एक जाड सुरळी.

सुरळीत बायका आहेत. अरबी वर्तमानपत्रांवर बेतून कापलेले पुढचे भाग, पाठी, बाह्या. वीस-पंचवीस वर्षांत त्यांनी ज्यांचं शिवलं त्यांचे. नाव एकावरही नाही. कोणाचं काय हे खालांना आकारावरून कळायचं. "हीचा डावा खांदा उतरता, मुलाला त्याच बाजूला घेऊन फिरायची." मी दोन शुक्रवार त्यांच्याजवळ बसून प्रत्येक कागदावर पेन्सिलने खूण करून घेतली. कितीतरी जणी आता इथे नाहीतही. तरी कागद टाकवत नाहीत.

ताईंचा कागद वेगळा ठेवला आहे, कारण त्याचे दोन अर्धे एकमेकांवर ठेवता येत नाहीत. धाकट्या मुलीचं लग्न डिसेंबरात आहे. औषधांनी ताईंचं वजन वाढलं आहे. जुन्या ब्लाऊजच्या बाजूच्या शिवणीत खालांनी दीड-दीड इंच माया सोडली होती, ती उसवून बघणार आहे. पुरेल असं वाटतं. नाही पुरली तर नवीन बेतू. परवा शुक्रवारी त्या माप द्यायला येताहेत.